दोर ओढण्याआधी

रस्सीखेच हा टीम बिल्डिंगवाल्यांचा, म्हणजे ऑफिसातल्या लोकांची एकी वाढावी म्हणून कार्यक्रम घेणाऱ्यांचा, लाडका खेळ. एक दोर लागतो, नियम कुणाला समजावावे लागत नाहीत, फोटो झकास येतात आणि शेवटी 'एकीचं बळ' यावर दोन वाक्यं बोलायची सोय होते. गंमत म्हणजे दोर ओढताना हे एकीचं बळ भरतं तरी किती, हे ज्याने मोजून बघितलं त्याच्या हाती उलटाच आकडा आला होता. माक्स रिंगेलमन हा फ्रान्समधला शेती-अभियंता. माणसांच्या मनाशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. ओझं ओढायला माणूस, जनावर आणि यंत्र यांतलं कोण किती कामाचं, एवढाच त्याचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने माणसांना आधी एकेकटं आणि मग गटाने ओढायला लावलं आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापले. आठ जणांनी मिळून लावलेला जोर, त्यांच्या एकेकट्याच्या जोराची बेरीज केली तर तिच्या जेमतेम निम्मा भरला होता.

आठ जणांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही म्हणून जोर वाया जातो, असं कुणी म्हणेल. तेही खरंच आहे. पण १९७४ मध्ये अमेरिकेत ॲलन इंगहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक खट्याळ प्रयोग केला. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोराला सगळ्यांत पुढे उभं केलं. मागचे लोक नुसतं ओढण्याचं नाटक करत होते, म्हणजे प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता. तरी आपल्यामागे माणसं आहेत एवढ्या समजुतीवर त्याने अंग चोरलं. पुढे १९७९ मध्ये बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच तपासलं, तेव्हाही तसंच घडलं. दहा जणांना मार्क केलेला 'कृपया कुणीतरी बघा' असा मेल ज्याने एकदा तरी पाठवला आहे, त्याला याचं नवल वाटायचं कारण नाही.

या संशोधनाचा दुसरा भाग मात्र कार्यक्रमात कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच कामाचा आहे. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातो आहे असं कळलं की अंगचोरपणा ओसरतो, हे याच मंडळींनी नंतर दाखवलं. १९९३ मध्ये स्टीव्हन काराव आणि विल्यम्स यांनी अशा पुष्कळ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. गटातली माणसं आपली वाटत असली, काम महत्त्वाचं वाटत असलं आणि आपल्या वाट्याचं काम दुसरं कुणी करणार नाही हे ठाऊक असलं, तर माणूस अंग चोरत नाही, असं त्यातून दिसलं. टीम बिल्डिंगच्या फायद्यांबद्दल जे काही बोलायचं ते या तीन गोष्टींभोवतीच बोलता येतं असं मला वाटतं. बाकीचा मामला टी-शर्टांचा.

मी ऑफिसात पुष्कळ वर्षं काढली. असल्या कार्यक्रमांना सक्तीने गेले, हौसेने गेले, आणि पुढे ते आखायचं कामही गळ्यात पडलं. त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. जे लोक 'हे सगळं थोतांड आहे' म्हणतात त्यांच्याशी माझं निम्मं पटतं. उरलेलं निम्मं का पटत नाही, ते सांगते.

एका कंपनीत खरेदी आणि अकाउंट्स या दोन विभागांत धुसफूस होती. उघड भांडण झालं असतं तर परवडलं असतं. तसं काही नव्हतं, मेलामेली चालायची. 'खालील मेलचा संदर्भ घ्यावा' अशी सुरुवात, सीसीमध्ये दोन्हीकडचे साहेब, आणि खाली 'आपला विश्वासू'. बिलं अडकायची. पुरवठादार खरेदीवाल्यांचं डोकं खायचे, खरेदीवाले अकाउंट्सच्या नावाने खडे फोडायचे. अशात एका दुपारी सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलं आणि विभाग मोडून जोड्या लावल्या. खेळ साधा होता. एकाने पुलाचं चित्र बघायचं पण कशाला हात लावायचा नाही, दुसऱ्याने चित्र न बघता फक्त ऐकून कागद आणि चिकटपट्टीने ते उभं करायचं. खरेदीतले एक ज्येष्ठ गृहस्थ सांगत होते आणि अकाउंट्समधली एक बाई कागद दुमडत होती. "अहो, डावीकडे म्हणजे तुमच्या डावीकडे की माझ्या?" हा प्रश्न तिने इतक्या वेळा विचारला की शेजारच्या जोड्याही हसू लागल्या. त्यांचा पूल उभा राहिला नाही. कुणाचाच धड राहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांनी मेल न लिहिता तिला फोन केला. "मॅडम, बाकी राहू दे. हे बिल तुमच्याकडे का थांबलंय तेवढं सांगा." ती म्हणाली, "तुमच्या जीआरएनवर, त्या माल मिळाल्याच्या पावतीवर, तारीखच नसते. तारखेशिवाय पेमेंटची मुदत मी मोजू कशी?" हेच तिने मेलमध्येही लिहिलं होतं, पण कलम आणि पोटकलम घालून. ते वाचून खरेदीवाल्यांना वाटायचं की ही बाई मुद्दाम खोड्या काढते. तारखेचा एक शिक्का गोदामात ठेवला गेला आणि बऱ्याचशा बिलांची कटकट संपली.

या प्रसंगात विश्वास, समर्पण, नेतृत्व वगैरे मोठे शब्द मला कुठेच दिसत नाहीत. घडलं ते एवढंच की, एका माणसाला दुसऱ्याचा आवाज ओळखीचा झाला आणि फोन करायचा संकोच गेला. पण ऑफिसातलं किती काम या संकोचावर अडून बसलेलं असतं, याचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात येत नाही. विचारलं तर दोन मिनिटांत सुटेल अशी गोष्ट माणसं दोन दिवस स्वतःच शोधत बसतात, कारण विचारायचं कुणाला हे माहीत नसतं, किंवा माहीत असूनही तो माणूस 'त्यांच्यातला' असतो. कोणाला काय येतं हे ठाऊक असणं हीसुद्धा टीमची मालमत्ताच आहे. अशा दुपारी ती थोडी वाढते.

संशोधक याबाबत बरेच सावध आहेत, आणि ते मला आवडतं. एद्वार्दो सालास आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा, टीम बिल्डिंगमुळे कामगिरी सुधारते असं सरसकट म्हणण्याजोगं काही हाती लागलं नाही. त्यातल्या त्यात भूमिका स्पष्ट करण्याच्या सत्रांचा उपयोग दिसला. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, कॅमेरॉन क्लाइन यांच्यासह सालास यांनी आणखी अभ्यास घेऊन पुन्हा हिशेब मांडला. या वेळी चित्र बरं होतं. परिणाम मध्यम, पण होकारार्थी. माणसांना एकमेकांबद्दल काय वाटतं आणि ती एकत्र काम कशी करतात यावर तो जास्त, प्रत्यक्ष कामगिरीवर कमी. त्यांनी टीम बिल्डिंगचे चार प्रकार धरले होते: ध्येय ठरवणं, आपसांतले संबंध सुधारणं, मिळून अडचणी सोडवणं आणि कुणाचं काम काय हे स्पष्ट करणं. त्यांत पहिला आणि शेवटचा अधिक उपयोगी ठरले. खेळ आणि गाण्यांवर खर्च होणारा वेळ बहुतेक करून दुसऱ्या प्रकारात जातो, हे वेगळं सांगायला नको.

भूमिका स्पष्ट करणं हे ऐकायला अगदी रूक्ष वाटतं. पण मी पाहिलेलं सगळ्यांत जिवंत सत्र तेच होतं. प्रत्येकाला दोन कोरे कागद दिले होते. एकावर 'माझं काम काय' ते लिहायचं, दुसऱ्यावर 'शेजारच्या विभागाकडून मला काय हवं'. मग सगळे कागद भिंतीवर लावले आणि लोक फिरून वाचू लागले. ग्राहकाची तक्रार नोंदवणं हे तीन जणांनी आपलं काम म्हणून लिहिलं होतं. तक्रार सुटली हे ग्राहकाला कळवणं मात्र एकाही कागदावर नव्हतं. विक्रीवाल्यांना वाटायचं सर्व्हिसवाले कळवतात. सर्व्हिसवाल्यांना वाटायचं की माल आणि त्याचं चलान पाठवणारे, म्हणजे डिस्पॅचवाले, कळवत असणार. आणि डिस्पॅचमधला मुलगा म्हणाला, "मला तर ग्राहकाचा नंबरच दिसत नाही सिस्टीममध्ये." त्यानंतर जी वादावादी झाली ती बघून ट्रेनर घाबरला. त्याला जेवणाच्या आधी फुग्यांचा खेळ घ्यायचा होता. लोकांनी त्याला चक्क थांबवलं. फुगे तसेच पिशवीत राहिले आणि भिंतीवरचे कागद दोन तास इकडून तिकडे हलत राहिले. त्या दिवशी कुणी कुणाला मिठी मारली नाही. पण आपल्या हातून सुटलेली गोष्ट पुढे कुणाच्या हातात जाते, हे बहुतेकांनी प्रथमच डोळ्यांनी पाहिलं. आपल्या कामाचा आवाज वेगळा ऐकू येणं म्हणजे साधारण हेच असावं.

जिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते अशा क्षेत्रांनी या गोष्टी खेळावर सोडल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक चेकलिस्ट आणली. त्यात छेद देण्याआधी क्षणभर थांबून खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. वरवर पाहता हा बालिशपणाच, कारण सगळे आधीच तिथे आहेत, मास्क लावून उभे आहेत, प्रत्येकाच्या हाताला काम आहे. पण एकदा तोंड उघडून बोललेला माणूस पुढे काही बिघडताना दिसलं तर बोलायला कमी बिचकतो, हा त्यामागचा विचार. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांमध्ये ही यादी वापरून बघितली, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं होतं. यादीत अँटिबायोटिक वेळेवर देण्यापासून कापडाचे बोळे मोजण्यापर्यंत बरंच काही आहे, त्यामुळे सगळं श्रेय नावं सांगण्याला देता येणार नाही. तरी ज्यांच्याकडे वाया घालवायला एक मिनिट नाही अशा माणसांनी ते मिनिट ओळखीसाठी राखून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्याकडे महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगमध्ये 'आपण सगळे एकमेकांना ओळखतोच' म्हणून थेट पहिल्या स्लाइडवर उडी मारली जाते. ओळखत कुणी नसतं.

विमानवाल्यांची गोष्ट याहून जुनी आणि जास्त कडू. १९७७ मध्ये स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने, पुढचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे ना, अशी शंका काढली होती. कॅप्टनने ती उडवून लावली, आणि इंजिनिअर पुढे बोलला नाही. पुढच्याच वर्षी पोर्टलंडजवळ एक विमान इंधन संपून पडलं, कारण कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता आणि इंधनाबद्दल सहकारी पुरेशा जोराने बोलले नाहीत. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना एकत्र काम करण्याचं रीतसर प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, याचा तो सराव. १९८९ मध्ये याच कंपनीच्या एका विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे विमान वळवायची सोयच, आकाशात निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी सहकाऱ्यांच्या आणि विमानात प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाच्या मदतीने, इंजिनांची ताकद कमीजास्त करत ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमान आपटलंच, पण २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर त्याचं श्रेय त्या प्रशिक्षणालाही देत राहिले.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये विमानातल्या चमूच्या चुकांमुळे झालेले अपघात तपासले. ज्यांची तशी नोंद मिळाली त्या अपघातांपैकी ७३ टक्के, चमूच्या एकत्र कामाच्या पहिल्याच दिवशी झाले होते. आणि ४४ टक्के तर एकत्र केलेल्या पहिल्याच उड्डाणात. नासाच्या एका सिम्युलेटर-अभ्यासात तर थकलेले पण आधी एकत्र उडालेले वैमानिक, ताज्यातवान्या पण एकमेकांना अनोळखी वैमानिकांपेक्षा कमी चुका करताना दिसले. शल्यविशारदांचंही तेच. रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी २००६ मध्ये एकाहून जास्त रुग्णालयांत काम करणाऱ्या हृदयशल्यविशारदांचे निकाल पाहिले. एखाद्या रुग्णालयात त्यांच्या शस्त्रक्रिया वाढल्या की तिथले निकाल सुधारत, पण त्याच हातांचा हा फायदा दुसऱ्या रुग्णालयात फारसा दिसत नसे.

हे वाचल्यापासून मला एका गोष्टीचा जास्तच राग येतो. जमलेली टीम दर सहा-आठ महिन्यांनी 'रीस्ट्रक्चरिंग'च्या नावाखाली मोडायची, आणि मग नव्या टीमला 'बॉन्डिंग' व्हावं म्हणून एक दिवस खेळायला न्यायचं. साहसी शिबिरं ज्या परंपरेतून आली, ती आउटवर्ड बाउंड ही संस्था १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोवी इथे कुर्ट हान यांनी सुरू केली. समुद्रावर जाणाऱ्या तरुणांसाठीचे तिथले अभ्यासक्रम महिनाभराचे असत. आम्ही त्यातला दोर, तराफा आणि आरडाओरडा तेवढा उचलला आणि सगळं सकाळी दहा ते संध्याकाळी पाच यांत बसवलं.

खर्च न करता जमणारी टीम बिल्डिंगही असते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले सँडी पेंटलंड आणि त्यांचे सहकारी एका बँकेच्या कॉल सेंटरचा अभ्यास करत होते. कर्मचाऱ्यांचं एकमेकांशी मोकळं बोलणं किती होतं आणि टीमचं काम कसं चालतं, यांचा जवळचा संबंध त्यांना दिसला. तिथे सुट्टीच्या वेळा मुद्दाम पुढेमागे ठेवलेल्या होत्या, म्हणजे फोन कधी रिकामे राहत नाहीत. त्यांनी सुचवलं की एका टीमच्या सगळ्यांना एकाच वेळी सुट्टी द्या. मागे पडलेल्या टीमचा प्रत्येक कॉलला लागणारा सरासरी वेळ २० टक्क्यांहून जास्त उतरला, आणि एकूण सेंटरचा ८ टक्क्यांनी. एवढ्यासाठी ट्रेनर नको, बस नको. वेळापत्रकात हात घालायची तयारी तेवढी लागते, आणि ती ट्रेनरपेक्षा दुर्मीळ.

आता चुका लपवण्याबद्दल. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयातल्या टीमचा अभ्यास सुरू केला तेव्हा त्यांची अपेक्षा सरळ होती: चांगल्या टीमच्या हातून औषधांच्या चुका कमी होत असतील. आकडे आले ते उलटे. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. कारण शोधल्यावर लक्षात आलं की तिथे चुका सांगायची भीती नव्हती. १९९९ च्या त्यांच्या निबंधानंतर 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना चांगलीच रुजली. गुगलने २०१२ मध्ये आपल्या १८० टीमचा अभ्यास सुरू केला तेव्हाही चांगल्या टीमच्या लक्षणांत हीच गोष्ट सर्वांत वर आली. हुशार माणसं किती, जुनी किती, एकत्र बसतात की वेगळी, याने तितका फरक पडत नव्हता.

खेळ इथे कामी येऊ शकतो, पण एका अटीवर. साहेबांना न जमणारं काहीतरी त्यात असायला हवं. हाताखालच्या पोराकडून गाठ मारायला शिकणारा आणि तिसऱ्यांदाही ती चुकवून स्वतःवर हसणारा मॅनेजर मी पाहिला आहे. त्यानंतर त्याच्या मीटिंगमध्ये "सर, हे मला कळलं नाही" असं वाक्य ऐकू यायला लागलं. याच्या उलट, बॅडमिंटनमध्ये ट्रेनीला धूळ चारून ट्रॉफी घेऊन जाणारे साहेबही पाहिले आहेत. अशांना त्या दिवशी महत्त्वाचं काम लावून ऑफिसातच बसवावं.

स्पर्धेबद्दल आणखी एक. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथल्या शिबिरात बावीस मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. बघता बघता शिव्या, झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी. मग नुसतं एकत्र जेवायला बसवून, सिनेमा दाखवून काही भागलं नाही. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. फरक पडला तो पाण्याची टाकी बंद पडल्यावर आणि जेवण आणायला जाणारा ट्रक 'बंद' पडल्यावर, कारण ही कामं एका गटाने होण्याजोगी नव्हती. ट्रक ओढायला मुलांनी जो दोर वापरला, तो त्यांच्या रस्सीखेचीचाच होता. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, संशोधकांनी मुलांना भरीला पाडलं होतं असंही म्हटलं गेलं, आणि आजच्या नैतिक कसोटीवर तो उतरायचा नाही. तरी आधीच फटकून असलेल्या दोन विभागांना दोन रंगांचे टी-शर्ट देऊन समोरासमोर उभं करणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. सेल्स विरुद्ध प्रॉडक्शन हा सामना ऑफिसात रोजच चालू असतो, त्याला मैदान द्यायची गरज नाही.

आणि टीम एकजीव झाली म्हणजे कंपनीचं भलं झालं, हेही गृहीत धरू नये. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये तारजोडणी करणाऱ्या चौदा कामगारांच्या एका खोलीचं निरीक्षण केलं होतं. तिथे छान एकी होती. दिवसाला किती काम करायचं हे त्यांनी आपसांत ठरवलेलं होतं, आणि कुणी जास्त भरभर काम करू लागला की शेजारचा त्याच्या दंडावर गुद्दा हाणायचा. जास्त काम दाखवलं तर दर कमी करतील किंवा माणसं कमी करतील, ही त्यांची भीती होती. मंदीच्या त्या वर्षांत ती अनाठायी होती असंही नाही. वरच्यांवर भरवसा नसेल तर माणसं एक होतात ती वरच्यांपासून स्वतःला वाचवण्यासाठी. पगार वेळेवर होत नाही, तीन माणसांचं काम एकटा करतोय, रजा मागितली की कपाळावर आठ्या. या दुखण्यांवर खेळाचं औषध चालत नाही, उलट रोग्याला आपली थट्टा झाल्यासारखं वाटतं.

बाहेर कोण राहतं तेही बघायला हवं. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, हा खेळ कुणाच्या पाठीला झेपत नाही, कुणाला परक्या हातांचा स्पर्श नको असतो, आणि नाही म्हटलं की 'टीम स्पिरिट' नसल्याचा शिक्का बसतो. रविवारचा कार्यक्रम म्हणजे घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्याला शिक्षाच. 'तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग सांगा' असं गोलात बसवून विचारणाऱ्या ट्रेनरला मी नंतर कधी बोलावलं नाही. आणि कॉन्ट्रॅक्टवरची माणसं तर यादीतच नसतात. रोज शेजारी बसून तेच काम करणारा मुलगा त्या दिवशी ऑफिसात एकटा फोन घेत बसलेला असतो. टीम कुणाची आणि कुठवर, हे त्या एका यादीवरून सगळ्यांना कळतं.

घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत मी अजून चाचपडतेच आहे. स्क्रीनवरच्या प्रश्नमंजूषा मला निर्जीव वाटतात. त्यापेक्षा नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात प्रत्येकाशी एकेकट्याने अर्धा तास बोलायला लावणं बरं, आणि विषय एकच: तुझ्याकडे काय येतं आणि तुझ्याकडून कुठे जातं.

कार्यक्रम संपला की परतीच्या बसमध्येच फीडबॅक फॉर्म फिरतो. जेवण कसं होतं, जागा कशी होती, ट्रेनर कसा वाटला, पाचपैकी किती स्टार. माणसं दमलेली, खूश आणि घरी जायच्या घाईत असतात, सगळीकडे चार आणि पाच पडतात, आणि त्याचा पाय-चार्ट वर जातो. मी एचआरला सुचवलं होतं की हा फॉर्म दोन महिन्यांनी द्या आणि त्यात दोनच प्रश्न ठेवा. गेल्या महिन्यात दुसऱ्या विभागातल्या कुणाला तुम्ही मेल न लिहिता थेट फोन केलात, आणि कशासाठी? 'हे मला येत नाही' असं तुम्ही शेवटचं कुणाजवळ बोललात? बरीच चर्चा झाली. दुसरा प्रश्न लोकांना अडचणीत टाकेल म्हणून वगळला गेला. पहिला ठेवला, पण त्यापुढेही पाच स्टार छापून आले. मग लोकांनी स्टार सोडून दिले आणि शेजारच्या मोकळ्या जागेत नावं लिहिली. डिस्पॅचमधल्या त्या मुलाचं नाव सगळ्यांत जास्त फॉर्मवर होतं. त्याला आता ग्राहकाचे नंबर दिसत होते.